आंब्याखालच्या क्रोटनची पाने हिरवी पडली आहेत. खत वाढवावे का?

निपाणीतील आपल्या घरामागे दोन आंब्यांची दिवसभर सावली असते, तेथे लावलेल्या क्रोटनची लाल-पिवळी पाने वर्षभरात हिरवी पडली, तेव्हा खत वाढवावे का आणि अशा जागी दुसरी कोणती बारमाही रंगीत झुडपे लावावीत, असे आपण विचारले आहे. खत वाढवू नये. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या परसात याच गोष्टीवरून माझा आणि माझ्या थोरल्या दिरांचा वाद गेली चौदा वर्षे चालू आहे आणि त्याचा पुरावा दोन झुडपांच्या रूपाने विहिरीजवळ उभा आहे.

क्रोटनचे आधी संपवते. त्याचा रंग उन्हावर खुलतो. सावलीत पानांतले हरितद्रव्य वाढते आणि लाल-पिवळा रंग त्याखाली झाकला जातो. आपले झाड उपाशी नाही. ते सकाळचे तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागी हलवा, म्हणजे नवी पाने रंग घेऊन येतील.

पांढऱ्या काठाच्या पानांचे गणित निराळे आहे. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य मुळातच नसते, त्यामुळे सावलीत तो सहसा पुसला जात नाही, उलट दुपारच्या थेट उन्हात तोच आधी करपतो. मात्र अर्धे पान स्वयंपाक करणार आणि सगळे झाड जेवणार, म्हणून अशी झुडपे सावकाश वाढतात. आणि फांदीवरच्या एखाद्या डोळ्यातून, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागेतून, निव्वळ हिरवी फूट निघाली, की ती बाकीच्या फांद्यांना मागे टाकून वर जाते.

आमच्याकडे नेमके हेच झाले. आंब्याच्या उत्तरेला मी काबऱ्या, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या, पानांच्या तगरीची दोन रोपे लावली होती. तिसऱ्या पावसाळ्यात दोन्ही रोपांना बुंध्याजवळून हिरवे धुमारे आले. मी कात्री घेऊन गेले, तर भावोजींनी मला अडवले. त्यांचे सारे आयुष्य शेतीत गेलेले. फुटलेला कोंब कापणे त्यांच्या दृष्टीने पापच. "अगं, झाड आत्ता कुठे जोर धरतंय, त्याला आडवी येऊ नकोस," असे म्हणून त्यांनी त्या धुमाऱ्यांना काठीचा आधार दिला आणि पांढरी पाने अशक्तपणाची खूण आहेत असे ठरवून वर मूठभर युरियाही घातला. युरियाने जोम वाढला, पण तो हिरव्याचा. वर्षभरात काबरी पाने खालच्या बाजूला चार-दोन उरली. पुढे ते सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेले असताना मी एका झुडपाचे सगळे हिरवे धुमारे मुळाशी कापले. दुसऱ्याला, घरात भांडण नको म्हणून, हात लावला नाही. भांडण व्हायचे ते झालेच. आज माझे झुडूप कमरेइतके आणि पानोपानी काबरे आहे, तर त्यांचे आठ फूट उंच आणि साध्या हिरव्या तगरीचे आहे. नर्सरीत पैसे मोजून आणलेल्या पानाचे एकही चिन्ह त्यावर उरलेले नाही. ते अजूनही पाहुण्यांना दोन्ही झुडपे दाखवून कोणते झाड सुखी आहे, असे विचारतात. प्रश्न सुखाचा नव्हताच, पानाचा होता. म्हणून हिरवी फूट दिसताच, ती बोटभर असतानाच, जिथून निघाली तिथून काढावी; वरून नुसती छाटल्यास तिला चार नव्या फुटी येतात. नवे रोपही काबऱ्या फांदीच्या छाटणीपासूनच करावे, बियांवर विसंबू नये.

आपल्या जागेसाठी पांढऱ्या काठाची अरेलिया, पट्ट्यांचा ड्रेसिना आणि हीच तगर मी सुचवीन. भर दुपारी आंब्याखाली हात धरून पाहावा. जमिनीवर त्याची पुसट सावली पडत असेल तर पिवळ्या शिंतोड्यांचा शेफ्लेराही चालेल. काहीच पडत नसेल, तर आंबे उतरवून झाल्यावर खालच्या एक-दोन फांद्या काढाव्यात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आपली जमीन काळी असेल, तर पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून रोपे वरंब्यावर लावावीत. आमच्याकडच्या तांबड्या मातीत हा त्रास कमी, पण एप्रिल-मे महिन्यांत आंब्याची मुळे सगळी ओल ओढून घेतात, तेव्हा सावली आहे म्हणून पाणी तोडू नये. शिवाय मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर गळतो व त्यावर काळी बुरशी चढते. तो रोग त्या झुडपाचा नसतो. पाने पाण्याने धुवावीत. घरात लहान मुले असतील, तर क्रोटन आणि तगर यांचा चीक त्यांच्या डोळ्या-तोंडात जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

आणि आपल्याला पानांपेक्षा पूजेची फुले हवी असतील, तर भावोजींचे ऐकावे. माझ्या झुडपाला फुले मोजकीच येतात. आमच्या देवघरात रोज सकाळी त्यांच्याच तगरीची परडी भरून येते, आणि ती मीच तोडते.