वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा बिबट्या

प्रश्न : आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मागची भिंत येऊरच्या जंगलाला लागून. मागच्या आठवड्यात रात्री अडीचला सीसीटीव्हीत भिंतीवर बिबट्या दिसला. फोटो सोबत पाठवते. सभासदांचं म्हणणं, पिंजरा लावून त्याला लांब सोडून या. काय हरकत आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, पिंजरा लावला तर सभासद महिनाभर निवांत झोपतील. मग त्याच भिंतीवर दुसरा येईल. मुरलेल्या नराची जागा रिकामी झाली की तरणे नर तिथे घुसतात, आणि माणसांच्या आसपास दबकून राहण्याची अक्कल त्यांना अजून आलेली नसते. शिवाय नुसता दिसला म्हणून पकडता येत नाही, मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो.

आणि लांब म्हणजे कुठे? नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला २००९ साली ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून माळशेजला सोडलं. पठ्ठ्या रूळ, हमरस्ते ओलांडत, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालून आपल्या याच, येऊर ज्यात येतं त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात आला! ‘आजोबा’ म्हणायचे त्याला. २०११ मध्ये गाडीखाली गेला बिचारा. याच्या उलटही झालंय. बाहेर पकडलेले बिबटे बोरिवलीच्या जंगलात, म्हणजे याच उद्यानात आणून सोडायचे, त्याच सुमारास, २००२ ते २००४ मध्ये, मुंबईत माणसांवरचे हल्ले वाढले.

मी येऊरला वनरक्षक होतो. पायवाटेवरची बिबट्याची विष्ठा काडीनं फोडून बघायची सवय होती. जंगलात चितळ, सांबर असूनही वस्तीकडच्या विष्ठेत बहुतेकदा कुत्र्याचे केस. एकदा चार नखं निघाली, तीही कुत्र्याचीच.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. भिंतीखाली झाकण नसलेले दोन ड्रम आहेत, बाजूला कागदावर भात वाढलेला. पुण्य म्हणून कुणीतरी रोज वाढत असणार. भात कुत्र्यांना, कुत्री बिबट्याला. ड्रमला झाकणं लावा, ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका, भात बंद करा. अंधार पडल्यावर लहान मुलं मागच्या बाजूला एकटी नकोत. पुन्हा दिसला तर फटाके, टॉर्च घेऊन मागे लागू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

एक राहिलंच. तुमच्या वॉचमनला रात्री संडासची सोय आहे ना? नसेल तर तो भिंतीपलीकडेच जात असणार. अंधारात उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही.