वाफेच्या जुन्या शिट्ट्या जमवायच्या आहेत. रेल्वे इंजिनाच्या घ्याव्यात की कारखान्याच्या, अस्सल कशी ओळखावी आणि किंमत किती द्यावी?

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मी निःशंकपणे देतो: कारखान्याची शिट्टी घ्यावी, आणि मिळाली तर कापड गिरणीची. रेल्वेप्रेमींना हे मत रुचत नाही. माझ्या आतेभावाला तर ते गेली कित्येक वर्षे रुचलेले नाही.

इंजिनाची शिट्टी नेमक्या कोणत्या इंजिनाची, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. इंजिन दुरुस्तीला आले की शिट्टी, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, दाब दाखवणारा गेज असे सुटे भाग उतरवले जात आणि जो भाग तयार असेल तो पुढच्या इंजिनावर चढवला जाई. त्यामुळे शिट्टीवर जी.आय.पी.चा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, ठसा असला, तर ती त्या रेल्वेची मालमत्ता होती आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे होण्याआधी बहुधा घडवलेली आहे, इतकेच कळते. बाकीची कथा विक्रेत्याची असते. कोणी आपल्याला दख्खनच्या राणीची वाफेची शिट्टी दाखवली, तर ती गाडी १९३० साली सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, याची त्याला आठवण करून द्यावी. गिरणीचा भोंगा, म्हणजे तिची वाफेची शिट्टी, मात्र एकदा बॉयलरघरावर बसला की दशकानुदशके तेथेच राहत असे. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली; तिच्या पाठोपाठ आलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर केवळ पाळ्याच नव्हे, तर घराघरांतल्या चुलीही पेटत. अशी वस्तू ज्या छपरावरून उतरली ते छप्पर दाखवता येते.

माझे वडील सोलापुरातील एका गिरणीच्या बॉयलरवर फायरमन होते आणि भोंग्याची साखळी ओढणे हे त्यांच्या पाळीतले कामच होते. गिरणी बंद पडल्यावर यंत्रे मोडीत निघाली आणि काही वर्षांनी तो भोंगा मला गावाबाहेरच्या एका भंगारवाल्याकडे पितळी नळांच्या ढिगात सापडला. वडिलांनी तो ओळखला, तो खालच्या वाटीच्या कडेला भरलेल्या झाळेवरून, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडावरून. ती झाळ त्यांच्यासमोर भरली गेली होती. आतेभाऊ रेल्वेत नोकरीला. त्याने पाहताक्षणी निकाल दिला की गिरणीचा भोंगा एवढा लहान नसतो, ही इंजिनाची शिट्टी आहे आणि तशी म्हटल्यास दुप्पट पैसे येतील. मग खात्री करण्यासाठी म्हणून त्याने ती टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला जोडली. आवाज आला तो खालच्या पट्टीतला, घोगरा. ‘मामा, तुमचा भोंगा तर सबंध पेठेला ऐकू येणारा चढ्या सुराचा होता ना?’ असे त्याने चारचौघांत विचारले, आणि वडील गप्प बसले. ते मला आजही सलते, कारण चूक शिट्टीची नव्हती, हवेची होती.

वाटीच्या गोल फटीतून सुटलेली वाफ वरच्या उलट्या नळीच्या धारेवर आदळते आणि नळीतला वायू कंप पावतो. नळी एका टोकाला बंद असल्याने स्वराची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या सुमारे चौपट असते. ही लांबी ठरलेली असली, तरी ध्वनीचा वेग ठरलेला नसतो: साध्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर शंभर अंश तापमानाच्या वाफेत साधारण ४७० मीटर असतो. म्हणजे वाफेवर जिचा स्वर मध्यमावर लागतो, ती शिट्टी कॉम्प्रेसरच्या हवेवर जवळपास षड्जापर्यंत उतरते. शिवाय टायरवाल्याच्या टाकीतील दाब पाहता पाहता ओसरतो. पुढे एका रंगाईच्या कारखान्यात, तेथील नोंदणीकृत बॉयलरवर आणि तेथील परवानाधारक माणसाच्या हातून, आम्ही ती शिट्टी वाफेवर वाजवली. वडिलांनी एकच सूचना केली: ‘दाब कमी आहे, आणखी उघडा.’ आणखी उघडल्यावर त्यांनी ‘हाच’ म्हणून सांगितले. आतेभावाचे म्हणणे असे की दाब वाढवून कोणताही स्वर काढता येतो. दाबाने स्वर थोडा चढतो हे खरे; षड्जाचा मध्यम होण्याइतका चढत नाही.

ओळखण्याच्या मुद्द्यावर आता थोडक्यात. सजावटीसाठी नव्याने ओतलेल्या पितळी ‘अँटिक’ शिट्ट्या बाजारात पुष्कळ आहेत. त्यांची नळी पातळ, फट कमीजास्त रुंदीची आणि व्हॉल्व्हची बैठक नावापुरती असते. खऱ्या शिट्टीची नळी जाड गनमेटलची (एक प्रकारच्या कांस्याची), पितळेची किंवा बिडाची असते आणि फट सर्वत्र सारखी असते. आटे जरूर तपासावेत: ब्रिटिश पाइपच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकन आट्यांचा ६० अंश असतो. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्याने चुकीचा जोडही काही फेरे फिरतो व मग अडकतो. क्रॉस्बी किंवा लंकेनहायमर या अमेरिकन कंपन्यांच्या शिट्ट्यांवर सहसा नाव असते. नळी आतून कप्प्यांत विभागलेली असेल, तर एका वेळी अनेक स्वर निघतात. ज्यात फिरती चकती आहे तो सायरन; तो ‘गिरणीचा भोंगा’ म्हणून विकला गेला, तरी आपल्या संग्रहाचा विषय नव्हे.

आणि बफ मारू नये, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणू नये; लॅकरचा पारदर्शक लेप तर मुळीच नको. ठसे, झाळ, पान्याचे व्रण हेच वस्तूचे कागदपत्र असतात. आमच्या भोंग्याला आतेभावाने माझ्या गैरहजेरीत बफ मारून आणला. त्यात वाटीवरचा कारागिराचा क्रमांक पुसला गेला आणि आता तोच विचारतो की गिरणीचा असल्याचा पुरावा काय.

किमतीचा आकडा सांगणारे बहुतेक विक्रेतेच असतात. भंगारवाला पितळेच्या वजनावर सुरुवात करतो; त्यावर जे काही द्याल ते जागेच्या पुराव्यासाठी द्यावे, म्हणजे लिलावाची पावती, जुने छायाचित्र किंवा तेथे काम केलेल्या माणसाने सही करून दिलेली हकीकत. चकाकीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

काही सावधगिरी आधीच सांगायला हवी होती. रेल्वेची वस्तू लिलावाच्या कागदाशिवाय घेऊ नये. चोरीची असल्याचा संशय आला, तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली ती जवळ बाळगणाराच अडचणीत येतो. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. घरच्या प्रेशर कुकरवर किंवा हाताने जोडलेल्या टाकीवर शिट्टी वाजवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. इंजिनाच्या शिट्ट्यांनाही एक अपवाद मान्य करतो: यवतमाळ–मुर्तिजापूरसारख्या एकाकी नॅरोगेज मार्गावर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. तशा इंजिनाची शिट्टी कागदपत्रांसह मिळत असेल, तर गिरणीच्या भोंग्यासाठी थांबू नये.