'क्ष'च्या मधोमध कर्सर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. (पत्रात तरी 'सर' नको, हे आधीच सांगून ठेवतो.)

तुझा पॅच (कोडमधल्या बदलांचा गठ्ठा) परवा रात्री बसून वाचला. बाराशेच्या वर ओळी, सोळा फायली. मजकुराची निवड ओळखायची, लक्षात ठेवायची, परत आणायची, रंगवायची, तिच्याभोवती टॅग (एचटीएमएलची खूण) गुंडाळायचा, सगळं एका दमात! मेहनत दिसते. पण जीडब्ल्यूटीकडे (मूळचं गूगल वेब टूलकिट, जावात वेब अ‍ॅप लिहायचं खुलं साधन) हा असाच पाठवू नकोस. कुणी तुला नाही म्हणणार नाही, हो सुद्धा म्हणणार नाही. तो नुसता पडून राहील. रिव्ह्यू करणारी बहुतेक माणसं आपापली कामं सांभाळून संध्याकाळी तासभर बसतात. त्या तासात ऐंशी ओळी नीट वाचून होतात. बाराशे ओळी दिसल्या की माणूस 'रविवारी बघू' म्हणतो, आणि तो रविवार येत नाही. मी स्वतः असे कितीतरी रविवार पुढे ढकललेत.

तू विचारलंस, इतकी साधी गोष्ट या टूलकिटमध्ये आधीच का नव्हती? टेक्स्टबॉक्सला कर्सर कुठे आहे, निवडलेला मजकूर कोणता, हे विचारता येतं. रिचटेक्स्टएरियाला, म्हणजे सजवलेला मजकूर लिहायच्या चौकटीला, मात्र ठळक कर, तिरपं कर, लिंक लाव एवढंच सांगता येतं. 'आत्ता काय निवडलंय' हे विचारायला दारच नाही. कारण समजायचं तर थोडं मागे जावं लागेल. जीडब्ल्यूटी मे 2006 मध्ये आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात 1.3 आवृत्तीबरोबर अपाची परवान्याखाली पूर्ण खुलं झालं. जावात लिहा, कंपायलर जावास्क्रिप्ट करून देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातली खरी हुशारी वाटायची ती डिफर्ड बाइंडिंगची: एकाच कोडमधून प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळा गठ्ठा तयार व्हायचा, आणि फायरफॉक्सवाल्याच्या माथी इंटरनेट एक्सप्लोररसाठी केलेल्या जुगाडांची एक ओळही पडत नसे.

आणि ब्राउझरांचं सर्वांत कमी पटायचं ते नेमकं मजकूर निवडण्यातच. इतर ब्राउझर सांगायचे, 'या नोडमध्ये (पानाच्या या तुकड्यात), इतक्या ऑफसेटवर (त्याच्या सुरुवातीपासून इतकं पुढे)'. अशा दोन टोकांमधला भाग म्हणजे रेंज. एक्सप्लोररची टेक्स्टरेंज म्हणजे मजकुराची सरळ पट्टी: दोन अक्षरं पुढे सरक, एक शब्द मागे ये. नोडचं नावच नाही. टेक्स्टएरियातली नवी ओळ तिथे दोन अक्षरं धरली जायची, म्हणून कर्सरचं स्थान काढायला एक्सप्लोररसाठी अख्खा वेगळा क्लास होता. 2011 साली एक्सप्लोररची नववी आवृत्ती आली तेव्हा कुठे तो सगळ्यांसारखी रेंज बोलू लागला. त्या काळात रिचटेक्स्टएरियाला हे दार बसवायचं म्हणजे सगळ्या ब्राउझरांवर ते सारखंच उघडेल असा शब्द देणं. तो शब्द द्यायला कुणी धजावलं नसावं, हा आपला माझा अंदाज.

आता ते ओझं बरंचसं उतरलंय. पण शब्द दिला की अजूनही पाळावा लागतोच. एकदा मर्ज झालेली (मूळ कोडमध्ये सामावलेली) सार्वजनिक मेथड, म्हणजे बाहेरून कुणालाही हाक मारता येणारी कृती, परत काढून घेता येत नाही. कुणीतरी तिच्यावर आपलं दुकान थाटलेलं असतं. म्हणून तुझ्या एकोणीस मेथडींपैकी पहिल्या खेपेला दोनच ठेव: निवड घे, निवड परत ठेव.

त्या दोनमध्येही काम आहे. तू निवडीला 'सुरुवात' आणि 'शेवट' अशी टोकं दिली आहेस. ती रेंजची टोकं झाली. सिलेक्शनला अँकर आणि फोकस असतो: बोट आधी टेकलं तो अँकर, ओढत जिथे पोचलं तो फोकस. उजवीकडून डावीकडे ओढलं तर फोकस आधी येतो, अँकर नंतर. तू जतन करताना रेंज घेतोस आणि परत ठेवतानाही रेंजच ठेवतोस, म्हणजे दिशा वाटेत सांडते. मग वापरणारा शिफ्ट धरून डावा बाण दाबतो आणि निवड डावीकडे वाढायची सोडून उजव्या टोकाने आक्रसते. तो चक्रावतो, आपणच काहीतरी चुकलो असं समजतो आणि बग कळवत नाही. असे बग वर्षानुवर्षं टिकतात. दोन्ही टोकं वेगळी जप आणि परत ठेवताना ब्राउझरची सेटबेसअँडएक्सटेंट ही मेथड वापर.

बाकी दोन गोष्टी भरभर सांगतो. रिचटेक्स्टएरिया आतून आयफ्रेम (पानाच्या पोटातलं वेगळं पान) आहे, तेव्हा सिलेक्शन त्या आयफ्रेमच्या विंडोला विचारायचं. बाहेरच्या विंडोला विचारशील तर ती निरागसपणे रिकामं उत्तर देईल. आणि क्रोममध्ये परिच्छेदावर तीनदा क्लिक केलं की निवडीचं दुसरं टोक बऱ्याचदा पुढच्या परिच्छेदात, शून्य ऑफसेटवर जाऊन बसतं. तुझं टॅग गुंडाळणारं कोड तिथे शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकतं. करून बघ.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते. तुझ्या सगळ्या टेस्ट 'हॅलो वर्ल्ड'वर आहेत. अरे, घरी आईला मेसेज कुठल्या लिपीत करतोस?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी आम्ही मराठी मसुदे लिहायचा एडिटर केला होता. डेमोला एक ज्येष्ठ लिपिक बाई बसल्या. त्यांनी 'ज्ञानेश्वर' लिहिलं, काही अक्षरं निवडली, ठळकचं बटण दाबलं, आणि 'ज्ञ' फुटला. ठळक 'ज्', पाय मोडलेला, आणि शेजारी साधा 'ञा'. आमच्या कोडने टॅग जोडाक्षराच्या पोटात घातला होता. टॅगच्या अलीकडे-पलीकडे फॉन्ट बदलला की जोडाक्षर जुळत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे असं साहेबांच्या सहीला जाणार का?" मी कोड माझाच आहे हे कबूल केलं नाही. आज करतो.

ब्राउझरचे ऑफसेट अक्षरं मोजत नाहीत, मजकूर साठवायच्या यूटीएफ-16 या पद्धतीची घरं मोजतात. 'ज्ञानेश्वरी' तुझ्या-माझ्या लेखी चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, री. ब्राउझरच्या लेखी अकरा घरं. मधे तिसरंही उत्तर होतं: युनिकोडचा अक्षरगट पाडायचा जुना नियम हलंतानंतर तोडायचा, त्यामुळे ज्, ञा, ने, श्, व, री असे सहा तुकडे पडायचे. सप्टेंबर 2023 मधल्या युनिकोड 15.1 ने देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम आणला. म्हणजे ब्राउझरचा सेगमेंटर (मजकुराचे अक्षरगट पाडणारं साधन) वापरलास तरी जुन्या आवृत्तीवर सहा आणि नव्यावर चार मिळू शकतात. फायरफॉक्समध्ये तर तो सेगमेंटरच 2024 साली, 125व्या आवृत्तीत आला. तुझ्या टेस्टमध्ये एकच आकडा कोरून ठेवलास तर ती कुणाच्या तरी मशीनवर लाल होणारच.

आपल्या 'दऱ्या'तला 'ऱ' तर वेगळाच नग आहे. तो एका घरात मावतो, पण एनएफडी या चिन्हं सुटी करणाऱ्या पद्धतीने मजकूर सामान्य केला की 'र' आणि नुक्ता अशी दोन घरं होतात. आधी जतन केलेला ऑफसेट मग एका घराने चुकतो. म्हणून ऑफसेट घेतल्यावर मजकुराला मधे हात लावू नकोस.

यावर तुला लगेच वाटेल, निवड आपणच अक्षराच्या कडेला सरकवून टाकू. नको. वापरणाऱ्याने केलेली निवड आपण गुपचूप बदलायची नाही, आणि ऑफसेट यूटीएफ-16 मध्येच राहू देत. जावाची स्ट्रिंगही तशीच मोजते, तेवढं सुख आहे. कड जुळवायची ती फक्त टॅग गुंडाळताना. खोडण्याला तर अजिबात हात लावू नकोस: 'स्त्री'वर बॅकस्पेस दाबला की बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते, आणि टंकणाऱ्याला तेच हवं असतं. कड जुळवणं हा वेगळा, दुसरा पॅच. त्यात जावाचा ब्रेकइटरेटर (तिथलं मजकूर तोडायचं साधन) शोधत बसू नकोस, जीडब्ल्यूटीत तो नाही. सेगमेंटरला जेएसइंटरॉपने, म्हणजे जावातून जावास्क्रिप्टला हाक मारायच्या नव्या वाटेने, हाक मार. त्याच कामाच्या जुन्या वाटेने, जेएसएनआयमध्ये, नवं काही लिहिलंस तर पहिली टिप्पणी त्यावरच येईल.

टेस्टचं एक राहिलं. नेहमीच्या टेस्ट एचटीएमएलयुनिट या पडदा नसलेल्या नकली ब्राउझरवर धावतात आणि त्याला पानाची मांडणी ठाऊक नसते. तिथे हिरवं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. खऱ्या क्रोमवर आणि फायरफॉक्सवर चालव आणि काय पाहिलंस ते पॅचच्या वर्णनात लिही. वर्णन साधं ठेव: आधी काय होत होतं, आता काय होतं, कसं पडताळायचं. रिव्ह्यू करणाऱ्याला मराठी येत नसणार, म्हणून 'ज्ञ' फुटलेला आणि 'ज्ञ' अखंड असे दोन स्क्रीनशॉट शेजारी लाव. लिपी न येणाऱ्यालाही पाय मोडलेलं अक्षर दिसतं.

पहिला पॅच, फक्त दोन मेथडी आणि दिशेची टेस्ट, शनिवारपर्यंत मला पाठव. दीडशे ओळींच्या वर गेला तर मी न उघडता परत करीन. बाकीच्या हजार ओळी डिलीट करू नकोस, वेगळ्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) राहू देत. त्यातला रंगवण्याचा भाग मला आवडलाय, त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

तुझा,
जुना रिव्ह्यूअर