१८९४-९५ च्या युद्धात चीनला हरवूनही जपानने लिआओतुंग (ईशान्य चीनमधला द्वीपकल्प) परत का दिला? बाकीच्या सत्ता युद्ध चालू असताना गप्प का बसल्या?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: रशिया, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांनी मिळून दम दिला म्हणून. दुसरा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो, कारण त्या सत्ता गप्प बसल्याच नव्हत्या.

ब्रिटनचंच बघा. १६ जुलै १८९४ ला लंडनमध्ये जपानशी नवा व्यापारी करार झाला. जपानमधल्या ब्रिटिशांवर ब्रिटिश न्यायालयातच खटला चालवायची जुनी सवलत सोडायला ब्रिटनने त्यात मान्यता दिली. नऊच दिवसांनी तोगो हेइहाचिरोच्या 'नानिवा' युद्धनौकेने 'कौशिंग' बुडवलं. जहाज ब्रिटिश कंपनीचं, वर ब्रिटिश निशाण, आत सुमारे अकराशे चिनी सैनिक! लंडनमध्ये गदारोळ उठला. पण हॉलंड आणि वेस्टलेक या दोन नामांकित कायदेपंडितांनी जपानचं कृत्य कायद्याला धरूनच होतं असं मत दिलं आणि प्रकरण निवळत गेलं. शांघायवर हल्ला करणार नाही, एवढं वचन मात्र ब्रिटनने जपानकडून घेतलं. ब्रिटनचा व्यापार तिथे होता ना. ऑक्टोबरात सगळ्या सत्तांनी मिळून मध्यस्थी करावी असाही प्रस्ताव ब्रिटनने मांडला, पण जर्मनी आणि अमेरिकेने अंग काढून घेतलं.

१७ एप्रिल १८९५ ला शिमोनोसेकीचा तह झाला. वाटाघाटी चालू असतानाच एका जपानी तरुणाने चीनचे प्रतिनिधी ली होंगझांग यांच्यावर गोळी झाडली होती. जगापुढे नाचक्की नको म्हणून जपानने घाईने शस्त्रसंधी दिली, पण तहाच्या अटी कडकच राहिल्या: तैवान, त्याच्या शेजारची पेस्कादोरेस बेटं, २० कोटी तैल (चिनी वजनी माप) चांदी आणि लिआओतुंग. पोर्ट आर्थर बंदर याच लिआओतुंगच्या टोकाला. रशियाला ते खपणारं नव्हतं.

२३ एप्रिलला रशिया, जर्मनी आणि फ्रान्सचे राजदूत तोक्योत परराष्ट्र खात्यात हजर झाले. त्यात जर्मनीची भाषा सगळ्यात उर्मट, आणि गंमत म्हणजे तिचा तिथे संबंध सगळ्यात कमी. दुसऱ्या दिवशी हिरोशिमात सम्राटापुढे तीन पर्याय आले: नकार द्यायचा, सत्तांची परिषद बोलवायची किंवा मान तुकवायची. नकार द्यायला बळ नव्हतं. सैन्य लिआओतुंगात, आरमार दूर आणि थकलेलं. परिषदेचा मार्ग परराष्ट्रमंत्री मुत्सु मुनेमित्सु यांनी खोडून काढला. सगळे एकत्र बसले की लिआओतुंगवर थांबणार नाहीत, आख्खा तह उसवतील, ही त्यांची भीती. माझ्या मते जपानच्या बाजूचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. तिघांपुढे नमायचं, पण चीनपुढे तसूभरही नाही, असं ठरलं. ब्रिटन तिघांत सामील झाला नाही, पण जपानच्या मदतीलाही आला नाही. लिआओतुंगच्या बदल्यात चीनकडून आणखी ३ कोटी तैल मिळाले.

'चीनच्या अखंडतेसाठी' काढून घेतलेलं तेच पोर्ट आर्थर १८९८ मध्ये रशियाने स्वतःसाठी भाडेपट्ट्याने घेतलं. त्याच वर्षी जपानी सैन्याने वेइहाइवेइ हे चिनी बंदर सोडल्यावर ब्रिटनने ते घेतलं. मुदत किती, तर पोर्ट आर्थर रशियाच्या ताब्यात राहील तोवर.