सगळे कौतुक करतात आणि मला राग येतो

"मॅडम, वडील जाऊन अकरा महिने झाले, एकदाही रडू आलं नाही, उलट कोणी त्यांचं कौतुक केलं की डोकं फिरतं, मी काय दगड झालोय का?" कोपरखैरणेहून आलेल्या चाळिशीतल्या प्रशांतचा (नाव आणि बाकी ओळख बदललीय) हा पहिलाच प्रश्न. वर्षश्राद्धाला पेणजवळच्या गावी कार्यक्रम होता, मुलाने दोन शब्द बोलायचे, आणि याला काही सुचतच नव्हतं.

त्याचे वडील, अण्णा, पोलिसात शिपाई म्हणून लागले, बहुतेक नोकरी ठाण्यात, एएसआय (सहायक उपनिरीक्षक) होऊन रिटायर झाले. गावचा कुठलाही पोरगा भरतीला आला की मुक्काम यांच्या लाइनीतल्या खोलीत, चटईवर, आणि पहाटे अण्णा स्वतः घड्याळ लावून त्याला पळवणार. गाव देवमाणूस म्हणायचं. प्रशांत म्हणाला, "देव गावाचा, आमच्या वाट्याला धुवायला टाकलेला युनिफॉर्म."

आता हे असं बोललं की लोक लगेच गप्प करतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून. मी नाही केलं. राग असतो, आणि रडू न येणं हा काही आजार नाही. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) लांबलेल्या शोकाचं निदान आहे, पण त्यासाठी ६ महिन्यांहून जास्त काळ सतत तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचा ध्यास, आणि रोजचं काम-नाती कोलमडलेली, असं बघतात. याचं ऑफिस, घर नीट चालू होतं. झोप मात्र गेलेली, तीही मागच्या पंधरा दिवसांत.

पंधरा दिवसच का, हे विचारल्यावर कळलं की साखरचौथ जवळ आलेली. यांच्याकडे गणपती भाद्रपद वद्य चतुर्थीला, म्हणजे सगळ्यांचे विसर्जन झाल्यावर, आणि यंदा दुःख म्हणून बसणार नव्हता. लहानपणी शाळेतली पोरं चिडवायची, तुमचा बाप्पा लेट का रे. मी म्हटलं, आईला विचारा ना कधीपासून असं. (रायगडात साखरचौथीचे गणपती पुष्कळ घरी असतात, मला वाटलं जुनीच रीत असेल.)

पुढच्या वेळी आला तो बराच वेळ बोललाच नाही. आजोबांच्या काळात गणपती चतुर्थीलाच बसायचा. अनंत चतुर्दशीपर्यंत बंदोबस्त, रजा बंद, म्हणून अण्णांनी आजोबांशी भांडून तो साखरचौथीला नेला, प्रशांत तेव्हा वर्षाचा होता. "म्हणजे आमच्यासाठीच केलेलं, आणि सांगितलं नाही कधी," एवढं म्हणून तो रडला. राग संपला असं नाही हं, दहावीच्या निकालादिवशीची ड्युटी त्याने अजून माफ केलेली नाही, आणि मी करायलाही सांगितलं नाही.

मी एवढंच सुचवलं, भाषणात दोन्ही येऊ दे, चटईवरची पोरंही आणि लेट बाप्पाही. (झोप, जेवण, काम सगळंच बिघडलं असेल तर मात्र थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे.)

कार्यक्रमानंतर त्याचा मेसेज आला. मध्ये दोनदा अडकलो, तर मागून आई ओरडली, मोदकांचं पण सांग, रात्री तीनला ड्युटीवरून येऊन वळायला बसायचे.