पहिल्या महिन्यातल्या डेंटल हायजिनिस्टसाठी

अगं, दात साफ करायचा स्केलर हातात बसायला वेळ लागेल, त्याची घाई नको. आधी पेशंटशी बोलायला शीक. इथे पंचवटीत खुर्चीवर बसल्या बसल्या लोक सांगतात, "ताई, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रशच सोडला." करायला हवं नेमकं उलटं. दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही तर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, आणि एकदा कीटण धरलं की ते ब्रशने निघत नाही.

"सफाईने दात हलतात" हेही ऐकशील. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात जखडलेले असतात, म्हणून कळत नाही. हे सफाईच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर सबब वाटते.

निफाड-दिंडोरीकडच्या आजी आल्या की मिश्रीचं विचार, पण रागावून नको. पदर तोंडाला लावतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांना बोलव, निदान तू करायचं नाही. शुगरचंही विचारच, ती वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि संसर्ग राहिला की शुगर आवरत नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, हत्यारांचे पाऊच कोंबू नकोस, मधे वाफ फिरायला हवी. गर्दीच्या दिवशी मी कोंबले होते, अख्खी बॅच परत लावली. आणि दोन पेशंटच्या मधे स्केलरचं पाणी 20-30 सेकंद सोडून दे.