रकान्यातलं ६५२८८ चं गौडबंगाल

प्रश्न : माझं रेडिऑन आरएक्स ५८० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड दुपारी गेम सुरू केला की ८५ अंशांवर जातं. सॉफ्टवेअरमधून ९५० मिलिव्होल्ट दिलं, तरी लोडवर १०००च्या खाली येत नाही. कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेली मूळ सेटिंग्ज) उघडून दाखवणाऱ्या पोलारिस बायोस एडिटरमध्ये तर व्होल्टेजच्या रकान्यात ६५२८८ दिसतं! बायोसच बदलू का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ६५२८८ हे खरोखर मिलिव्होल्ट असते, तर कार्डाला ६५ व्होल्ट मिळाले असते. ६५२८२पासून पुढचे हे आकडे म्हणजे नुसती खूण आहे : चिपच्या दर्जानुसार व्होल्टेज आपोआप ठरवा. म्हणूनच एकाच मॉडेलची दोन कार्डं वेगवेगळं व्होल्टेज घेतात. त्या जागी १०५० लिहिलं, की ते मिलिव्होल्ट धरले जातात.

तुमचं ९५० अडतं ते मेमरीच्या तक्त्यात. तिथलं 'व्होल्टेज' नावालाच मेमरीचं. प्रत्यक्षात ते कोअरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, व्होल्टेजची खालची मर्यादा ठरवतं. तिथे १००० असेल, तर मेमरी पूर्ण वेगात असताना कोअर त्याखाली उतरत नाही. ही ओळ सॉफ्टवेअरमध्येही बदलता येते. त्यासाठी बायोस उघडायची गरज नाही. शिवाय १३४० मेगाहर्ट्झच्या पूर्ण वेगाला ९५० ही अपेक्षा फारच झाली. ११५०वरून १०५०वर आलात तरी त्याच वेगाला चिपची वीज साधारण १७ टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर (स्क्वेअरवर) अवलंबून असते.

आधी सॉफ्टवेअरमध्येच २५-२५ मिलिव्होल्टने उतरा. चाचणी रात्री नको, नवतपातल्या दुपारी तीन वाजता घ्या. थंड चिप टिकते त्या व्होल्टेजवर तापलेली चिप टिकेलच असं नाही. स्क्रीन काळी झाली किंवा ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर २५ने वर या. आठवडाभर टिकलेला आकडाच बायोसमध्ये लिहायचा, तोही वरच्या दोन-तीन वेगांपुरता. कमी वेगांच्या ओळी छेडल्या, तर साधा ब्राउझर उघडतानाही संगणक गोठतो.

मूळ बायोस कार्डातून दोनदा वाचून फाइलमध्ये साठवा, दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत ना ते तपासा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. फ्लॅश करताना, म्हणजे बदललेला बायोस कार्डात चढवताना, यूपीएस हवाच. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. कार्डावर दोन बायोसचा स्विच असेल तर एक बाजू अजिबात शिवू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंतर कार्डावर पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरू नका : बदललेल्या बायोसची डिजिटल सही जुळत नाही म्हणून ड्रायव्हर अडतो, त्याला पिक्सेल क्लॉक पॅचर (ड्रायव्हरची ही तपासणी बंद करणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो. स्विच नसलेलं कार्ड बंदच पडलं, तर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर संगणक सुरू करून मूळ फाइल परत चढवा.

आणि खोलीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका, ती हवा दमट असते.

प्रश्न : जीटीएक्स १०६०चंही असंच करता येईल का?

उत्तर : नाही. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीपासून बदललेला बायोस कार्ड स्वीकारत नाही. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा आणि तिथेच ९०० मिलिव्होल्टच्या आसपास वेग बांधून टाका.